धातू निघाला, औषध किती आठवडे?

गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता केवळ मुंबई-पुण्याची मक्तेदारी राहिलेली नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर २०१७ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा घातल्यानंतर तिची चर्चाही बरीच झाली. चर्चा झाली नाही ती बसवलेल्या धातूला जंतुसंसर्ग झाल्यावर काय, याची. असे रुग्ण शेकडा एक-दोनच असतात. परंतु त्यांच्या वाट्याला दुसरी शस्त्रक्रिया आणि त्यापाठोपाठ प्रतिजैविकांचा दीर्घ मारा येतो. हा मारा किती काळ चालवावा, या प्रश्नाचे उत्तर कित्येक वर्षे पुराव्यापेक्षा परिपाठावरच अधिक विसंबून होते.

सहा आठवडे हा त्यातला रूढ आकडा. जखमी हाडाला पुन्हा रक्तपुरवठा होण्यास साधारण तेवढा काळ लागतो, हा त्यामागचा तर्क. मात्र या संसर्गात खरा अडथळा असतो तो धातूचाच. जंतू त्याच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करून त्याआड दडतात. बायोफिल्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या थरात औषधाचा प्रभाव फारच कमी पडतो. धातू काढून टाकला की दडण्याची ती जागा नाहीशी होते. उरतो तो हाडातला व मांसातला संसर्ग. मग औषधाचा काळही कमी व्हायला नको काय?

जिनिव्हातील डॉक्टरांनी हाच प्रश्न तपासला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत संसर्ग झालेला धातू काढलेल्या १२३ रुग्णांपैकी काहींना चार, तर काहींना सहा आठवडे औषध देण्यात आले. दोन्ही गटांत बहुतेक सारे बरे झाले आणि संसर्ग उलटण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हाड जोडण्यासाठी बसवलेली पट्टी किंवा सळई काढलेल्या रुग्णाला त्यामुळे चार आठवड्यांवर थांबवण्यास बऱ्यापैकी आधार मिळाला.

तथापि, या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये खुबा व गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या संसर्गावर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने नेमके उलटे बजावले. तेथे तुलना सहा व बारा आठवड्यांची होती. सहा आठवड्यांच्या गटात १८.१ टक्के, तर बारा आठवड्यांच्या गटात ९.४ टक्के रुग्णांत संसर्ग कायम राहिला. सांधा जागेवर ठेवून केवळ धुऊन साफ केला होता, त्यांच्यात हे प्रमाण ३०.७ आणि १४.५ टक्के असे होते. एकाच शस्त्रक्रियेत जुना सांधा काढून नवा बसवलेल्यांत मात्र फरक किरकोळ, ३.९ विरुद्ध २.६.

धातू राहिला तर औषध लांबते, एवढाच निष्कर्ष यातून काढला असता तर प्रकरण सोपे होते. अडचण आहे ती सांधा काढून काही काळाने नवा बसवण्याच्या, म्हणजे दोन टप्प्यांच्या पद्धतीत. धातू काढूनही तेथे १५ विरुद्ध ५ टक्के असा फरक दिसला. या गटातले रुग्ण थोडे होते, त्यामुळे अंतिम निवाडा देता येत नाही; पण जिनिव्हाचा चार आठवड्यांचा हिशेब अशा रुग्णाला डोळे झाकून लावणे धाडसाचे ठरेल.

दीर्घ उपचारही फुकटचा नसतो. लिनेझोलिड लांबल्यास रक्तपेशी घटतात, नसांना इजा होते; व्हॅन्कोमायसिनने मूत्रपिंडावर ताण येतो. सुया मात्र टाळता येतात. ब्रिटनमध्ये एक हजारावर रुग्णांवर झालेल्या २०१९ च्या चाचणीत पहिल्या सहा आठवड्यांत तोंडाने दिलेली औषधे शिरेतून दिलेल्यांपेक्षा कमी पडली नाहीत. रुग्णालयातील मुक्काम व खर्च पाहता आपल्याकडे हे अधिकच मोलाचे. भारतात आणखी एक पथ्य आहे. धातू जागेवर असताना जोडीने दिले जाणारे रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरील प्रमुख औषध आहे. छुपा क्षय न तपासता ते सुरू केल्यास त्याला दाद न देणारा क्षय पोसला जाण्याचा धोका असतो. संसर्गच क्षयाचा असेल तर चार-सहा आठवड्यांचा हा सारा हिशेब बाद होतो. उपचार कित्येक महिने चालतो.

म्हणूनच घरी सोडताना हाती पडणाऱ्या कागदावर केवळ गोळ्यांची नावे पुरेशी नाहीत. सगळा धातू निघाला की काही उरला, कोणता जंतू सापडला आणि आठवडे कोणत्या शस्त्रक्रियेपासून मोजायचे, हे त्यावर लिहिलेले असेल तरच गावातल्या डॉक्टरला औषध कधी बंद करायचे ते कळेल.