ठसा कोणाचा?

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत अनेक प्लेग्रुपांच्या भिंतींवर एक फुलपाखरू हमखास भेटते. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या तळव्यांचे दोन ठसे म्हणजे पंख. मधले अंग आणि मिशा बाईंनी स्केचपेनने काढलेल्या. शेजारी तशीच आणखी पंधरा-वीस. निमित्त बहुधा एरिक कार्लचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (1969). चित्रपुस्तक वाचावे आणि त्यावर हातापायांच्या ठशांची 'कृती' करून घ्यावी, ही पद्धत आता चांगलीच रुजली आहे. तिच्याविषयी आमचा आक्षेप साहित्याचे शिक्षक म्हणून आहे.

कार्लच्या पुस्तकातील सुरवंट फळे खातो तेव्हा पानांना खरोखरीची भोके पडलेली असतात. मूल त्यांत बोट घालते. म्हणजे हात वाचनात आधीच उतरलेला असतो! मुलाची खरी मौज त्या अधाशीपणात आणि शनिवारच्या पोटदुखीत. फुलपाखरू येते ते अगदी शेवटी. कृतीसाठी मात्र नेमके शेवटचेच पान उचलले जाते. कवितेची 'मध्यवर्ती कल्पना' फळ्यावर लिहून तास संपवण्याची महाविद्यालयीन सवय याहून फार निराळी नव्हे.

शिवाय ठसा म्हणजे चित्र नव्हे. चित्र वस्तूसारखे दिसते. ठसा वस्तू तेथे टेकली होती असे सांगतो. पर्सच्या चिन्हमीमांसेत या दोहोंना वेगळी नावे आहेत, पण आपल्याकडे ही जाण शास्त्राआधीची आहे. भाद्रपदात गौरीची पावले उमटवताना मूठ वळून तिची करंगळीकडची कड पिठात वा रंगात बुडवून टेकवतात आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके देतात. हाताने पाऊल घडते! त्या पावलांना दिशा असते, उंबऱ्यापासून आतपर्यंत. एखादे वाकडे पडले तरी गौर यायची थांबत नाही. कार्डशीटवर उलटे करून गाजर झालेले पाऊल कोठेच जात नाही. फार तर पालकांच्या फोनमध्ये जाते.

पालकांच्या भावनेची चेष्टा आम्हांस करावयाची नाही. एका खोलीच्या घरातही असा कागद वर्षानुवर्षे जपला जातो, कारण तळवा पुन्हा तेवढा होणार नसतो. मग तो तळवाच राहू द्यावा, खाली तारीख घालावी. मिशा कशाला?

ताराबाई मोडक यांनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केले. 1945 पासून बोर्डीला अनुताई वाघांसह त्यांनी जे बालशिक्षण उभे केले, त्यात शिंपले, बिया, पाने ही परिसरातील साधने होती. त्या परंपरेत मुलाने स्वतः हाताळणे महत्त्वाचे होते. आज रंगात हात घालायला नको म्हणणाऱ्या मुलाचे मनगट धरून ठसा 'घेतला' जातो. कोर्टकचेरीत अंगठा घेतात, तसा. हा शब्दप्रयोग बायांच्याच तोंडचा आहे.

माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये एक लहान मुलगी आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते. ते वाचल्यावर ठसेच करायचे तर आजीचा, बाबांचा आणि मुलाचा तळवा एकाच कागदावर, शेजारी शेजारी उमटू द्यावा. आजीच्या तळव्यावर मूल आपला हात ठेवून पाहील, कदाचित रंग फिसकटेल. तो कागद भिंतीवरच्या इतर कागदांसारखा दिसणार नाही. पाहुण्यांना दाखवण्याच्या दिवशी बाई तो लावतील की नाही, याची आम्हांस शंका आहे.