दार कोणी लावलं, हेही शिकवा

स्वित्झर्लंडमधल्या आईबाबांनो,

मुलांच्या शाळेत दुसरं महायुद्ध आलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'आपला काय संबंध?' आणि 'हा देश तर तटस्थ होता.' माझ्या मते दोन्ही वाक्यं मुलांपुढे बोलू नयेत.

या देशात छळछावण्या नव्हत्या, पण सरहद्द होती. १९३८ मध्ये स्विस आणि जर्मन अधिकाऱ्यांच्या वाटाघाटींतून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर 'जे'चा शिक्का आला. ऑगस्ट १९४२ मध्ये, शेजारी ज्यूंची कत्तल चालू असताना, 'केवळ वंशामुळे पळून आलेले' राजकीय निर्वासित नाहीत असं ठरवून सरहद्द बंद झाली. हजारोंना परत पाठवलं गेलं. २०,०००हून जास्त ज्यूंना आसरा मिळाला, हेही खरं. मुलांना दोन्ही कळायला हवं.

आणि पॉल ग्रुनिंगरही कळायला हवेत. सेंट गालेनच्या या पोलीसप्रमुखाने कागदांवर आधीच्या तारखा घालून शेकडो ज्यूंना आत घेतलं. १९३९ मध्ये नोकरी गेली, १९४० मध्ये कोर्टाने दंड केला. १९७२ मध्ये ते वारले. त्यांना निर्दोष ठरवायला १९९५ साल उजाडलं.

कोणी म्हणेल, परक्यांनी यजमानाच्या घरातलं जुनं उकरू नये. पण स्विस संसदेनेच १९९६ मध्ये आयोग नेमून हा इतिहास उकरला. आणि आपली मुलं इथेच वाढतायत, उद्या कदाचित इथे मतदानही करतील. परमिट, मुदतवाढ, शिक्का हे शब्द ती घरात रोज ऐकतात. आपल्या कटकटींची त्या मरणाशी बरोबरी अजिबात नाही. पण कागदावरच्या एका अक्षराने माणूस कुठे पोचतो, हे त्यांना पटकन समजेल.

शिक्षण इथे कॅन्टनच्या हातात असतं, आणि धडा किती खोलात न्यायचा हे बरंचसं शिक्षकांवर असतं. म्हणून पालकसभेत सरळ विचारा: आउशवित्झ शिकवताना आपली सरहद्दही शिकवता का?

घरीसुद्धा एक करा. भारतातून फोनवर कोणी काका 'हिटलरसारखाच पाहिजे' म्हणाले, तर हसून सोडून देऊ नका. मूल ऐकत असतं. गप्प बसणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे, हे त्याला तुमच्याकडूनच कळू दे.