आगगाडी न आलेली वाट

सायकलवरून घाट चढलाय कधी? नुसता उतरलेला चालणार नाही हं! उतरताना सगळेच शूर असतात. खरी गंमत चढताना. पहिल्या वळणापर्यंत गाणी, दुसऱ्या वळणाला सगळे गप्प, नि तिसऱ्या वळणाला ज्याचा त्याला फक्त आपला श्वास ऐकू येतो.

गेल्या थंडीत आमच्या शाळेची सातवीची अकरा मुलं, आमचे एक गुरुजी, दोन पालक आणि मी असे आम्ही सायकलींवर मार्लेश्वरला निघालो. मार्लेश्वर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. देवरूखहून रस्ता जातो. संक्रांतीच्या यात्रेला तिथे माणसांचा पूर लोटतो, पण आम्ही गेलो त्या दिवशी रस्ता कसा शांत होता! दोन्ही बाजूंना झाडी आणि समोर डोंगराची उंच भिंत. मारळ गाव मागे पडलं नि चढ लागला.

आमच्यातला एक मुलगा अर्ध्यावर सायकलवरून उतरला आणि ढकलत निघाला. झालं! पुढच्या मुलांनी वळून पाहिलं आणि सुरू केलं, "पायी आला, पायी आला!" आता शिक्षिका म्हणून मी काय करायला हवं होतं? मुलांना गप्प करायला हवं होतं. पण मी म्हटलं, "अरे, जरा जोर लाव की! एवढासा तर चढ." तो काही बोलला नाही. मान खाली घालून ढकलत राहिला. परत येताना मात्र हळूच म्हणाला, "बाई, पुढच्या सहलीला मी येणार नाही."

मुलांनो, ते वाक्य घेऊन मी घरी आले. जेवण काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या रविवारी त्याला आणि आणखी चौघांना घेऊन मी पुन्हा त्या चढावर गेले. या वेळी सायकली नव्हत्या. बरोबर होती एक मीटर लांबीची सरळ पट्टी, मोजपट्टी आणि पाण्याने जवळजवळ भरलेली एक बाटली. रस्त्याच्या कडेला पट्टी चढाच्या दिशेने ठेवली, तिच्यावर बाटली आडवी. उताराकडचं टोक हळूहळू उचललं. बाटलीतला हवेचा बुडबुडा बरोबर मधोमध आला, म्हणजे पट्टी सपाट झाली. मग उचललेल्या टोकाखालचं अंतर मोजलं. आठ सेंटिमीटर! म्हणजे त्या जागी शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर चढायचं.

आता करा हिशेब. त्या मुलाचं वजन 36 किलो. सायकल वडिलांची, मोठी, वीस किलोच्या आसपास. आणि कॅरिअरवर काय होतं माहीत आहे? आम्हा सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्याचा दहा लिटरचा कॅन! मीच सकाळी त्याच्या सायकलला बांधला होता आणि मीच विसरले होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. झाले एकूण 66 किलो. हे ओझं दर शंभर मीटरला दोन मजल्यांहून उंच उचलायचं. पुढे गेलेल्या मुलांच्या सायकली हलक्या, कॅरिअर मोकळे. मग "पायी आला" असं कुणी कुणाला म्हणायचं?

हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा वर्ग चिडीचूप झाला. मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो लाजला. मग जरा वेळाने त्यानेच विचारलं, "बाई, मग आगगाडी काय करते हो? ती तर केवढी जड!"

वा! याला म्हणतात प्रश्न.

आगगाडीचं चाक लोखंडी, रूळही लोखंडी. सपाटीवर ते छान घरंगळतं, पण चढ मोठा झाला की चाकाची पकड सुटते आणि ते जागच्या जागी फिरू लागतं. म्हणून रेल्वे बांधणारे आधी चढ मोजतात. मुंबईहून पुण्याला जाणारा बोरघाटातला लोहमार्ग 1863 साली सुरू झाला. तिथला सर्वांत मोठा चढ 37 मीटरला एक मीटर, म्हणजे शंभराला तीनसुद्धा नाही. तरी तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. माथेरानची 1907 सालची छोटी गाडी फार चढाची म्हणून प्रसिद्ध. तिचा चढ वीस मीटरला एक, म्हणजे शंभराला पाच. आमच्या रस्त्याचा आठ! म्हणजे त्या चढावर माथेरानच्या गाडीलासुद्धा धाप लागली असती की नाही?

म्हणून आगगाडीची वाट डोंगराशी भांडत नाही. ती त्याच्या कुशीतून वळत वळत जाते. दरी आली की पूल, डोंगराची सोंड आडवी आली की बोगदा. आणि समजा, अशी वाट आयतीच सायकलवाल्यांना मिळाली तर? मोटार नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही, आणि चढ इतका हलका की आजी आणि नातू बरोबरीने चालवतील?

अशी वाट खरोखरच आहे. नकाशा घ्या. युरोपच्या खाली डाव्या कोपऱ्यात स्पेन, आणि त्याच्याही दक्षिणेला अंदालुसिया हा प्रांत. तिथल्या डोंगरांच्या पायथ्याशी ओल्वेरा आणि प्वेर्तो सेर्रानो अशी दोन गावं आहेत. त्यांच्यामधून लोहमार्ग न्यायचं ठरलं आणि 1920 नंतरच्या दशकात काम सुरू झालं. डोंगर फोडून बोगदे काढले, दऱ्यांवर उंच पूल उभारले, स्टेशनंही बांधली. पण पुढच्या दशकात काम थांबलं. 1936 ते 1939 अशी तीन वर्षं तर त्या देशात यादवी युद्धच झालं. या टप्प्यावरून आगगाडी धावलीच नाही. विचार करा, स्टेशन आहे, फलाट आहे, पण तिथे कुणी कधी गाडीतून उतरलं नाही!

किती कामगारांचे हात त्या बोगद्यांना लागले असतील. गाडी येईल, माल शहरात जाईल, म्हणून गावं वाट पाहत राहिली असतील. पुढे कितीतरी वर्षं सगळं तसंच पडून होतं. मग 1993 साली स्पेनमध्ये एक योजना सुरू झाली. वापरात नसलेले लोहमार्ग चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी मोकळे करायचे. या वाटांना तिथे 'विआ वेर्दे' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. आज त्या देशात अशा वाटा तीन हजार किलोमीटरहून जास्त आहेत. आपली न आलेल्या गाडीची वाट त्यांतलीच एक.

तिची लांबी 36 किलोमीटर आणि बोगदे किती? तीस! म्हणजे सरासरी सव्वा किलोमीटरला एक. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा. बाहेर लख्ख ऊन, आत गार अंधार, म्हणून सायकलला दिवा हवाच. दऱ्यांवर चार मोठे पूल. कडेने कुठे नदी, कुठे ओकची झाडी, कुठे जैतुनाच्या बागा. मध्येच साफ्रामागोन नावाचा एक प्रचंड खडक उभा आहे. त्याच्या कपारींत गिधाडांची मोठी वसाहत आहे. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच मीटरच्या आसपास भरतील एवढे पक्षी डोक्यावर घिरट्या घालतात. जवळच्या स्टेशनाच्या इमारतीत या गिधाडांची माहिती देणारं केंद्र झालं. ओल्वेराकडून निघालं तर बराचसा उतारच, म्हणून लहान मुलं तिकडून निघतात.

मी काही स्पेनला गेलेले नाही. पण हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, डोंगर तेवढाच उंच. वाट कशी काढली त्यावर आहे." मला वाटतं, या लेखातलं सर्वांत चांगलं वाक्य त्याचंच आहे.

फाल्गुनात आमची दुसरी सहल निघाली. या वेळी आधी पंधरा दिवस मुलांनीच तीन रस्ते पट्टी लावून मोजले आणि नदीकाठचा, हलक्या चढाचा रस्ता निवडला. पाण्याची बाटली ज्याची त्याच्याकडे. नियम तीनच. चढावर ज्याला वाटेल त्याने खुशाल उतरावं. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम पण हळू दाबावेत आणि पुढच्याला ओलांडू नये. आणि सर्वांत हळू जाणाऱ्याला मागे टाकून कुणी जायचं नाही. रस्ता रिकामा असला तरी वळणापलीकडे बैलगाडी असू शकते, गुरं असू शकतात, म्हणून डावी बाजू सोडायची नाही.

तो मुलगा आला का? आला तर! पट्टी आणि बाटली त्याच्याच पिशवीत होती. एका ठिकाणी शंभराला सहाचा चढ लागला. तिथे पहिली उतरले कोण, सांगा पाहू? मी! आणि कुणीही "पायी आल्या" म्हणालं नाही. त्याने तेवढं खिशातून वहीचं पान काढलं आणि म्हणाला, "बाई, अजून साठच मीटर आहे."

पालकहो, एक विनंती. मूल चढावर उतरलं तर "हिंमत नाही" असं म्हणण्याआधी त्याच्या कॅरिअरवर काय बांधलंय ते बघा. पुष्कळदा ते आपणच बांधलेलं असतं.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी काम. घरातलं मोठं माणूस बरोबर घ्या, वाहनं नसतील अशी जागा निवडा आणि तुमच्या शाळेच्या वाटेवरचा सर्वांत मोठा चढ मोजा. पट्टी एक मीटरची असली की जितके सेंटिमीटर, तितका शंभराला चढ. आकडा आणि रस्त्याचं नाव मला पत्राने कळवा. बोरघाटाच्या गाडीला कुणाचा रस्ता चढता येईल आणि कुणाचा नाही, ते आपण पुढे एका अंकात पाहू.