लॅग ही काही देवाची करणी नव्हे

आज जरा भांडायचं आहे. विषय एका गेमचा आहे, त्यामुळे "गेमसाठी एवढं कशाला?" असं वाटणाऱ्यांनी खुशाल चहा टाकायला जावं. बाकीच्यांनी बसा.

'पर्सोना ४' हा २००८ साली प्लेस्टेशन २ वर आलेला जपानी रोल-प्लेइंग गेम. इनाबा नावाचं आडगाव, शहरातून वर्षभरासाठी तिथे आलेला एक शाळकरी मुलगा, खुनांची मालिका आणि तिचा छडा लावता लावता जमलेला मित्रांचा कंपू. साठ-सत्तर तास हा गेम एकच गोष्ट मनावर ठसवतो, की माणसं जोडा, तीच तुमची ताकद. नुसतं सांगत नाही, हिशेबात धरतो. मित्राबरोबर वेळ घालवलात तर लढाईत त्याचा रोख फायदा मिळतो.

याच कथेचा पुढचा भाग अ‍ॅटलसने काढला तो चक्क फायटिंग गेम म्हणून. 'पर्सोना ४ अरेना' (२०१२) बनवला 'गिल्टी गिअर' आणि 'ब्लेझब्लू'वाल्या आर्क सिस्टम वर्क्सने. त्याचा सीक्वेल 'पर्सोना ४ अरेना अल्टिमॅक्स' नोव्हेंबर २०१३ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये आणि २०१४ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला.

"पैसे उकळायचा धंदा" म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मी त्यांच्यातला नाही. गेम मनापासून बनवलाय. विषबाधा, गोंधळ वगैरे रोल-प्लेइंगमधल्या व्याधी मारामारीत झकास बसवल्यात. मूळ गेममध्ये लांबून सूचना देणारी रिसे अल्टिमॅक्समध्ये स्वतः रिंगणात उतरली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑटो-कॉम्बो. एकच बटण दाबत राहा, अख्खा कॉम्बो निघतो. ज्यांनी जन्मात फायटिंग गेम खेळला नाही, फक्त चिए आणि कान्जीच्या प्रेमापोटी डिस्क विकत घेतली, त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवलेलं हे दार. जुन्या खोडांनी नावं ठेवली, पण माझ्या मते फार शहाणा निर्णय.

मग भांडण कशाशी? तर दारातून आत घेतलेल्या पाहुण्याला जेवायलाच वाढलं नाही याच्याशी. म्हणजे नेटकोडशी.

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. अल्टिमॅक्सचा मूळ नेटकोड 'डिले' पद्धतीचा होता. समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तुमचंही बटण रोखून धरायचं. जितकं अंतर जास्त, तितका गेम चिखलात चालल्यासारखा. नेटवर्क जरा डळमळलं की घोटाळा आणखी वाढतो, कारण सरावाने हाताला बसलेलं टायमिंगच हलतं.

आता जरा हिशेब करू. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. टोकियो ते ओसाका ४०० किलोमीटर, म्हणजे २ मिलिसेकंद. एका फ्रेमच्या आत काम तमाम. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस सुमारे ४००० किलोमीटर, २० मिलिसेकंद, एक फ्रेम गेली. मुंबई ते टोकियो सुमारे ६७०० किलोमीटर, म्हणजे दोन फ्रेम. तेही केबल सरळ रेषेत टाकली असती तर! वर राउटरची मेहेरबानी वेगळीच.

म्हणजे जपानात बसून टेस्ट केलं तर डिले पद्धत ठीकठाकच वाटणार. आपल्या धंद्यातलं सगळ्यात बदनाम वाक्य आठवतंय ना? "माझ्या मशीनवर तर चालतंय." इथे मशीनच्या जागी अख्खा देश होता, एवढाच फरक.

"अरे, पण प्रकाशाच्या वेगापुढे कोणाचं काय चालणार?" हा पहिला बचाव. अगदी बरोबर, वेग वाढवता येत नाही. पण थांबलंच पाहिजे असंही नाही. रोलबॅक पद्धतीत तुमचं बटण लगेच लागू होतं आणि समोरचा मगाशी जे करत होता तेच आताही करतोय असं गृहीत धरून गेम पुढे जातो. अंदाज चुकला तर मागच्या फ्रेमवर परत जाऊन खऱ्या इनपुटने पुन्हा सगळं चालवायचं. नेहमीचं गिऱ्हाईक दिसलं की टपरीवाला न विचारता कटिंग ओततो, चुकलं तर बदलून देतो. त्यातलाच प्रकार. आणि हे काही कालपरवाचं संशोधन नाही. टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमारास जीजीपीओ लिहायला घेतलं. २०११ मध्ये 'स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक'च्या ऑनलाइन आवृत्तीत आणि २०१२ मध्ये 'स्कलगर्ल्स'मध्ये ते वापरलं गेलं होतं. म्हणजे अल्टिमॅक्सच्या आधी.

दुसरा बचाव जास्त वजनदार आहे. रोलबॅक फुकट मिळत नाही. गेमची पूर्ण स्टेट सेव्ह आणि रिस्टोअर करता आली पाहिजे, आणि एका फ्रेमच्या वेळात सात-आठ फ्रेम पुन्हा चालवता आल्या पाहिजेत. तयार इंजिनात हे घुसवणं म्हणजे राहत्या घराचा पाया बदलणं. मान्य, शंभर टक्के मान्य. पण अवघड काम आणि अशक्य काम यात फरक आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट एक्स'वाल्यांनी २०१६ मध्ये, गेम बाजारात आल्यानंतर, हे करून दाखवलं.

तिसरा बचाव मला खरोखर संताप आणतो: "हा स्पिन-ऑफ आहे, लोक स्टोरीसाठी घेतात, ऑनलाइन हे वरचं लोणचं." अहो, उलट आहे! मुरलेल्या फायटिंगवाल्यांचे अड्डे असतात, शेजारी बसून खेळणारे दोस्त असतात. रोल-प्लेइंगमधून आलेला माणूस गावोगावी विखुरलेला, आपापल्या खोलीत एकटा. त्याला ऑनलाइन हाच एकमेव अड्डा. नेटकोडची सगळ्यात जास्त गरज याच गेमला होती.

आणि लांबच्या खेळाडूला गृहीत न धरणं या मालिकेत नवं नव्हतं. प्लेस्टेशन ३ चे गेम सहसा कुठल्याही देशातल्या यंत्रावर चालायचे, 'अरेना'ला मात्र प्रादेशिक कुलूप घातलं. अमेरिकेत तो ऑगस्ट २०१२ मध्ये आला, युरोपातल्या लोकांनी मे २०१३ पर्यंत वाट पाहिली.

शेवटी झालं काय? मार्च २०२२ मध्ये अल्टिमॅक्स प्लेस्टेशन ४, स्विच आणि स्टीमवर पुन्हा आला, पहिल्या दिवशी तोच जुना डिले घेऊन. आर्कने स्वतःच्या 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह'ला २०२१ मध्ये पहिल्या दिवसापासून रोलबॅक दिलेलं असताना! ऑगस्ट २०२२ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि स्टीमला रोलबॅक मिळालं. स्विचवाल्यांच्या हाती भोपळा. म्हणजे मूळ गेमनंतर जवळजवळ आठ वर्षांनी आणि तेही अर्ध्यामुर्ध्यांना. फायटिंग गेमच्या आयुष्यात आठ वर्षं म्हणजे म्हातारपण. ज्यांनी ऑटो-कॉम्बोपासून सुरुवात करून खरं खेळायला शिकायचं, त्यातले बहुतेक तोवर कंटाळून निघून गेले असणार.

माणसं जोडा म्हणून साठ तास शिकवणाऱ्या मालिकेने जोडणीचंच काम सगळ्यात शेवटी करावं, हे मला पटत नाही. उद्या तुमच्या मीटिंगमध्ये कोणी "लांबच्या युजरचं नंतर बघू" म्हणालं, तर ते 'नंतर' किती वर्षांनी, तेवढं विचारून घ्या.

असो. ऑटो-कॉम्बोला नावं ठेवायला येणाऱ्यांचं स्वागत आहे, त्यांच्याशी पुढच्या रविवारी भांडू.