रमजानमध्ये गोळी बंद?

रमजानचा चांद दिसला की नशिराबादमध्ये घराघरांतले वेळापत्रक पालटते. पहाटे सहरी, सूर्यास्ताला इफ्तार, रात्री तरावीहची लांब नमाज. झोप तुटक होते. नेमके तेव्हाच काही घरांत कुणालाही न विचारता ठरते, की घबराटीची गोळी महिनाभर बंद. कारणे दोन सांगितली जातात. रोजात गोळी चालत नाही, आणि ही गोळी तर नशेची.

पहिले कारण अर्धेच खरे. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत असतो. पुढची रात्र मोकळी असते. दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायच्या बऱ्याच गोळ्या डॉक्टर इफ्तार आणि सहरीच्या वेळेत बसवून देऊ शकतात. तेही जमत नसेल तर कुरआनातील सूरह बकराने आजाऱ्याला सवलत दिलीच आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया, म्हणजे गरिबाला जेवण. शुगरच्या रुग्णाला ही सवलत सगळे आनंदाने देतात. मनाच्या रुग्णाला मात्र ‘ईमान कमजोर आहे’ असे ऐकवले जाते. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले होते. नंतरच्या लोकांना ते पचले नाही, एवढेच.

दुसऱ्या कारणामागची भीती समजण्यासारखी आहे. मालेगावात अल्प्राझोलमच्या गोळ्या ‘कुत्ता गोळी’ नावाने चोरून विकल्या जातात, धाडी पडतात, बातम्या येतात. डॉक्टरने लिहून दिलेली गोळीही तीच असते. म्हणूनच 2014 पासून ती विकताना दुकानदाराला डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावे लागते. चिठ्ठीवर, ठरलेल्या मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी घेतली तर ती औषधच आहे.

खरा धोका ती एकदम सोडण्यात आहे. अल्प्राझोलम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही औषधे मेंदूचा ब्रेक दाबून धरतात. काही आठवड्यांत मेंदूला त्याची सवय लागते. अचानक पाय काढला की झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, आधीपेक्षा जास्त घबराट होते. कधी झटकेही येतात. अल्प्राझोलम साधारण 11 तासांत निम्मे उतरते, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतो. घरच्यांना वाटते, रोज्याची कमजोरी आहे. कुणी नजर उतरवते. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर सवय आणि सोडतानाच्या त्रासाचा ठळक इशारा छापायला लावला. मात्रा आठवड्या-आठवड्याने, कधी महिनोन्‌महिने उतरवावी लागते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्या वेगळ्या गटातल्या. त्यांची नशा होत नाही, पण त्याही एकदम सोडल्या तर चक्कर आणि बेचैनी येते.

उलटी चूकही होते. तरावीहनंतर झोप येईना म्हणून मेव्हण्याच्या पाकिटातली एक गोळी मागून घेतली जाते. सहरीला उठताना डोके जड. मग त्याच अवस्थेत मोटारसायकल जळगाव-भुसावळ महामार्गावर ट्रकांच्या मध्ये. म्हातारी माणसे अंधारात वजूला उठताना पडतात. कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडोल किंवा दारू सोबत गेली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी ‘दवा डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका’ एवढे एक वाक्य बोलले, तरी कित्येकांचा संकोच जाईल. ज्यांनी गोळी आधीच बंद केली आहे, त्यांनी ईदची वाट पाहू नये. झटका आला तर थेट दवाखाना गाठावा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय नशिराबादहून फार लांब नाही, आणि 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. जाताना गोळीचे पाकीट आणि जुनी चिठ्ठी न्यावी. सहरी-इफ्तारचे वेळापत्रक या महिन्यात प्रत्येकाच्या खिशात असतेच. तेही डॉक्टरसमोर ठेवावे.