‘विज्ञानाला जठर अर्पण केले’: एक सोयीची दंतकथा

१/ जठररसाच्या तपासणीचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येते : अलेक्सिस सेंट मार्टिनने आपले जठर विज्ञानाला अर्पण केले. वाक्य सुंदर आहे, पण खरे नाही.

२/ ६ जून १८२२, मॅकिनॅक बेट. अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात चुकून बार उडाला आणि या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या जठराला भोक पडले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्याचे प्राण वाचविले. हे ऋण निर्विवाद. भोक मात्र बुजले नाही.

३/ १८२५ पासून बोमाँट रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबी बांधून त्या भोकातून आत सोडू लागले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहू लागले. बाहेर काढलेल्या रसात, कुपीतही, मांस विरघळते हे त्यांनी दाखविले. पचन ही रासायनिक क्रिया आहे, याची साक्ष १८३३ च्या त्यांच्या ग्रंथातील ५१ निष्कर्ष देतात.

४/ आता दुसरी बाजू. त्याच १८२५ साली सेंट मार्टिन न विचारता कॅनडात निघून गेला. तो परतला १८२९ मध्ये. १८३२ चा करार पाहा : वर्षाला १५० डॉलर व अन्नवस्त्र, मोबदल्यात डॉक्टर नेतील तिथे जायचे आणि सांगतील ते प्रयोग सोसायचे. निरक्षर माणसाने त्याखाली फुली मारली. याला अर्पण म्हणायचे?

५/ ‘त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नका,’ असा आक्षेप येईलच. मान्य, फूटपट्टी त्याचीच घेऊ. तो पुन्हा घरी गेला, तेव्हा बोमाँट यांनी बोलावण्यांमागून बोलावणी धाडली. तो आला नाही. नकार आपला नव्हे, त्याचा आहे, आणि तो त्याच काळातला आहे.

६/ १८८० साली तो वारला. वैद्यकवर्तुळाचे लक्ष त्याच्या जठरावर होतेच. कुटुंबाने देह मुद्दाम सडू दिला आणि आठ फूट खोल पुरला. आपल्या माणसाचे प्रेत डॉक्टरांपासून राखावे लागते, तिथे दानाची भाषा शोभत नाही.

७/ १८८५ मध्ये एवाल्ड आणि बोआस यांनी रुग्णाला पाव व चहा देऊन तासाभराने नळीने जठरातील द्रव काढण्याची चाचणी रूढ केली. आम्ल मोजायला जखमेची गरज उरली नाही.

८/ बोमाँट यांचे श्रेय कमी करू नका. फक्त ‘अर्पण’ हा शब्द खोडा आणि तिथे लिहा : ‘घेतले’.