इंग्रजी कानावर पडू द्या!

आपल्या वस्तीतला मुलगा दहा वर्षे शाळेत इंग्रजी शिकतो. काळ ओळखतो, रिकाम्या जागा भरतो, पास होतो. पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न इंग्रजीत आला की त्याची वाचा बसते. मग शेरा ठरलेला: यांच्यात मेरिट नाही!

हे मेरिट येते कुठून? ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या इंग्रजी बोलली जाते, त्यांच्या मुलांच्या कानावर ती फुकट पडते. आपल्या मुलाला ती फक्त फळ्यावर दिसते. न ऐकलेली भाषा तोंडात येणार कशी?

ही उणीव भरायला इंग्रजी चित्रपट हे स्वस्त साधन आहे. मात्र निवड नीट हवी. मारधाडीच्या सिनेमात स्फोट जास्त, बोलणे कमी. त्यापेक्षा १९५७ चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' बघा. जवळजवळ सगळा चित्रपट एकाच खोलीत घडतो. झोपडवस्तीतल्या एका पोराला मृत्युदंड होणार की नाही, यावर बारा ज्युरी वाद घालतात. सुरुवातीला अकरा विरुद्ध एक! मुद्दा मांडणे, खोडणे, एकट्याने उभे राहणे, कार्यकर्त्याला हेच इंग्रजी लागते. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'ही मुळात इंग्रजीतच आहे. डब केलेला पुष्कळांनी पाहिला. मूळ इंग्रजी किती जणांनी ऐकला?

रोज दहा मिनिटांचाच तुकडा घ्या. आधी इंग्रजी सबटायटल लावून बघा. मराठी किंवा हिंदी सबटायटल नकोत. डोळे वाचत बसतात आणि कान झोपतात. मग सबटायटल बंद करून ऐका. एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणा. शेवटी विहारात किंवा अभ्यासिकेत दोघांनी तोच प्रसंग बोलून दाखवा. अमेरिकन उच्चारांची नक्कल नको, समोरच्याला कळले की पुरे. आणि चुकणाऱ्याला कुणी हसायचे नाही!

काही जण म्हणतील, ही मराठीशी गद्दारी. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला आणि १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत छापले. समाजाला जागवायला मराठी, जगाला जाब विचारायला इंग्रजी.

सिनेमा दाखवला म्हणून सरकार मात्र सुटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीचा चांगला शिक्षक हवा, ही मागणी कायम राहील. पण ती पूर्ण होईपर्यंत आपल्या पोरांनी मुके राहायचे का?

जय भीम!